कसतो हा, सातबारा कंपनीचा

मंदाकाकू : अगं सुनीता, परवा त्या लेमिन्स्टरच्या लेखकाचं अर्धवटच राहिलं बघ. ये की जरा कुंपणाशी.

सुनीता : आर. ए. साल्वातोरे. 1959 चा जन्म, इथंच मॅसॅच्युसेट्समध्ये, आपल्या श्रूजबरीहून गाडीनं अर्ध्या तासावर. कॉलेजात असताना बहिणीनं नाताळला टॉल्किनची पुस्तकं दिली. पुढं 1978 चं ते मोठं बर्फाचं वादळ आलं, पोरगा घरात अडकला, आणि पुस्तकं वाचून असा काही पेटला की कॉम्प्युटर सोडून पत्रकारितेकडे वळला.

मंदाकाकू : आईबापांना काय वाटलं असेल!

सुनीता : आणि छंद कसला, तर आमचा केदार तळघरात मित्रांना जमवून खेळतो तोच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स. फासे टाकायचे, राक्षस मारायचे. 1974 साली निघालेला खेळ. तो काढणारी टीएसआर कंपनी त्या खेळाच्या जगावर कादंबऱ्याही छापायची. साल्वातोरेनं 1982 मध्ये मेणबत्तीच्या उजेडात, हातानं एक कादंबरी लिहिली होती. ती त्यांच्याकडे पाठवली.

मंदाकाकू : छापली?

सुनीता : ती नाही घेतली. पण हात आवडला. म्हणाले, आमच्या फरगॉटन रेल्म्समध्ये लिही. ते जग एड ग्रीनवुड नावाच्या कॅनडातल्या ग्रंथपालानं रचलेलं. साल्वातोरेनं नायक ठरवला वुल्फगार, धिप्पाड गडी. त्याचा सोबती मात्र निघाला दुसऱ्याच लेखकाचं पात्र! संपादिका मेरी किर्चॉफचा फोन आला, मी मीटिंगला निघालेय, आत्ताच्या आत्ता दुसरा सोबती सांग.

मंदाकाकू : मग?

सुनीता : यानं फोनवरच ठोकून दिलं, ड्रिझ्ट डोअर्डन. आता ड्रिझ्ट कोण, तर ड्राव. जमिनीखाली राहणारे, काळ्या कातडीचे, पांढऱ्या केसांचे एल्फ. सगळी जात दुष्ट, कोळीदेवीची पूजा करणारी. आणि काकू, तिथे राज्य बायकांचं!

मंदाकाकू : त्यात दुष्ट काय?

सुनीता : ऐका तर! त्यातला हा एकटा सरळ मनाचा, म्हणून घर सोडून निघालेला. 1988 ला ‘द क्रिस्टल शार्ड’ आली आणि लोकांनी वुल्फगारला बाजूला सारून ड्रिझ्टलाच उचलून धरलं. 1990 मध्ये साल्वातोरेनं नोकरी सोडली. आता ड्रिझ्टवरची पुस्तकं तिसाच्या वर गेलीत.

मंदाकाकू : म्हणजे बक्कळ कमावलं. मग परवा ‘बिचारा’ का म्हणालीस?

सुनीता : ड्रिझ्ट त्याचा नाहीच ना! पात्र कंपनीच्या मालकीचं. नव्वदच्या दशकात बिनसलं, तर टीएसआरनं दुसऱ्याच लेखकाकडून ड्रिझ्टचं पुस्तक लिहून घ्यायला काढलं.

मंदाकाकू : अगंबाई! घाम गाळून कसतो हा, आणि सातबारा कंपनीचा!

सुनीता : अगदी! सुदैवानं 1997 ला टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. ते पुस्तक छापलं गेलंच नाही, याला परत आणलं. दोन वर्षांनी स्टार वॉर्सची कादंबरी मिळाली, त्यात च्युबॅका मारला.

मंदाकाकू : तो केसाळ? त्याला कशाला मारायचं?

सुनीता : ते ठरवलं मालक लोकांनी, पण नाव पुस्तकावर याचं. चाहत्यांनी धमक्यासुद्धा दिल्या, त्याही यालाच.

मंदाकाकू : स्वतःचं काही काढायचं की मग.

सुनीता : काढलंय. ‘डेमन वॉर्स’, जगही स्वतःचं. पण साल्वातोरे म्हटलं की लोकांच्या तोंडी ड्रिझ्टच. कंपनीचा खेळ खेळणारे आयते वाचक मिळाले, हेही खरंच. एरवी लेमिन्स्टरच्या पोराला कोण विचारत होतं?

मंदाकाकू : ते मात्र आहे. रान दुसऱ्याचं, पण पीक आलं ना. केदारचं काय? तोही लिहितो म्हणे?

सुनीता : वह्या भरल्यात. म्हणतो, कंपनी विचारायला आली तर लगेच सही करीन.

मंदाकाकू : सही करण्याआधी कागद माझ्याकडे आणून दे म्हणावं. वाईला बांधाच्या भांडणात आमच्या घरानं तीन पिढ्या कोर्ट बघितलंय. इंग्रजी नसेना का येत, बारीक अक्षर कुठं असतं ते मला बरोब्बर ठाऊक आहे!