धोतराखाली काय?

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे आणि कमानी सभागृहही. एकातून दुसऱ्यात धोतर नेसून जायचं तर पायांत काय, हा राष्ट्रीय प्रश्न. स्कॉटिश माणसाने किल्टखाली जीभ नसलेला बूट घातला, नाडी घोट्यावर गुंडाळली आणि मोकळा झाला. आपल्या आजोबांनी धोतर, कोट, पंपशू एकत्र चालवले. फोटोत कोणी हसलेलं नाही, पण तेव्हा फोटोत कोणी हसतच नसे. कोल्हापुरी शोभते खरी, पण दिल्लीच्या जानेवारीत अंगठा काकडतो. शिवाय २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळूनही ती आपल्याला लग्नापुरतीच आठवे. २०२५मध्ये प्राडा या फॅशन ब्रँडने मिलानमध्ये तशीच चप्पल मिरवली, तेव्हा अस्मिता अनवाणी धावली. तूर्त काळे ऑफिसचे बूटच बरे. धोतर, सुरवार, शेरवानी, सगळ्यांखाली सारखेच वाईट दिसतात.