थोडके सर

गल्लीतल्या एका लग्नाची पत्रिका सरांच्या घरी आली. वर पेनाने लिहिलं होतं, 'श्री. थोडके सर, सहपरिवार'. काकूंनी ती दारातच वाचली आणि आत आवाज दिला, "अहो, आपलं आडनाव थोडके कधीपासून झालं?"

आतून उत्तर आलं, "तीमथ्याले लिहिलेल्या पयल्या पत्रापासून. अध्याय ४, वचन ८."

सर म्हणजे निवृत्त ड्रिल मास्तर. वय ६८. छाती अजूनही शाळेच्या बँडपुढे चालल्यासारखी, गळ्यात शिट्टी, आणि हाफपँटच्या इस्त्रीला अशी धार की लिंबू कापून घ्यावं. अमरावतीच्या कॅम्प भागात एका चर्चच्या मागे मैदान आहे. मैदान कसलं, दोन कडुनिंब आणि मधली मोकळी जागा. तिथं पहाटे साडेपाचला सर दहा-बारा पुरुषांना गोळा करतात. ४० मिनिटं कसरत, १० मिनिटं शास्त्रवाचन, ५ मिनिटं प्रार्थना. त्यानंतर टपरीवर चहा, त्याला वेळेचं बंधन नाही. फी नाही, पावती नाही. थंडी असो की पाऊस, शिट्टी वाजतेच.

मी ख्रिस्ती नाही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून गेलो. सरांनी विचारलं, "काहून आले?" म्हटलं, "शुगर." "बरं. जक्कयच्या मागं उभे राहा."

हा जक्कय म्हणजे आमचा कर खात्यातला कारकून. बायबलमधला यरीहोचा जक्कय जकातदार होता आणि ठेंगणा होता. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. आमचा झाडावर चढत नाही, पण बाकी दोन्ही अटी पूर्ण करतो. त्याच्या शेजारी युतुख. प्रेषित पौलाचं प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा खिडकीत बसल्या बसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला तो तरुण. आमचा युतुख रातपाळी करून थेट मैदानात येतो आणि 'सावधान'मध्ये उभ्याने झोपतो. पळताना सगळ्यांच्या मागे राहणारा एकजण 'शकुंतला'. मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. आणि एक गिला वडा. तो तसाच आहे, दह्यात मुरलेला. मी कळपाबाहेरचा, म्हणून येशूच्या दृष्टांतातल्या परक्या पण चांगल्या माणसावरून माझं नाव 'शोमरोनी' पडलं. चांगला की वाईट ते अजून ठरायचं आहे.

तर अध्याय ४, वचन ८. पौल तिथं तरुण तीमथ्याला सांगतो की शरीर कमावण्याचा लाभ आहे खरा, पण थोडका. भक्तीचा लाभ मात्र इथंही पुरतो आणि पुढंही. कुठल्याशा रविवारी पाळकसाहेबांनी नेमकं हेच वचन प्रवचनाला घेतलं. साहेबांचं पोट बघता त्यांचा विषयाशी काही संबंध नव्हता असं म्हणता येत नाही. सर तिसऱ्या बाकावर बसले होते. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन जेवण केलं नाही, असं काकू सांगतात.

जन्मभर दोन गोष्टींवर प्रेम केलेला माणूस. एक दंड-बैठका, दुसरं बायबल. आणि दुसरीने पहिलीला असं भर मंडळीत 'थोडकी' म्हणावं! आठवडाभर सर अंगणातल्या बाजेवर पुस्तक उघडून बसले. मग सोमवारी मैदानात आले, शिट्टी वाजवली आणि निकाल जाहीर केला.

"पौलानं व्यायाम नको म्हटलं का? नाई. थोडका म्हटलं. थोडका म्हंजे किती? चाळीस मिनिटं. ते तं आपन करूनच राह्यलो."

तेव्हापासून ते थोडके सर. पण प्रकरण इथं मिटलं नाही. सरांनी पौलाची सगळी पत्रं खेळाच्या दृष्टीने तपासली. करिंथकरांना तो धावण्याच्या शर्यतीबद्दल लिहितो, मुष्टियुद्धाबद्दल लिहितो, इफिसकरांना झुंजीबद्दल, म्हातारपणी पुन्हा तीमथ्याला लिहितो की माझी धाव पुरी झाली. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत, हे सरांनी कुठूनतरी मिळवलं. "पाह्यल्याशिवाय माणूस असं लिहीते का? हा गडी स्टेडियममध्ये बसेल हाय, मी सांगतो. तिकीट काढून."

घोळ घातला गिल्या वड्याने. त्याने तेच पत्र पुढं वाचलं आणि एका पहाटे हात वर केला. "सर, पुढच्याच अध्यायात पौल म्हनते, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जाय. थोडकं म्हंजे चाळीस मिनिटं, तं थोडा म्हंजे किती?"

मैदान शांत झालं. युतुखसुद्धा जागा झाला. सरांनी शिट्टी तोंडात धरली, काढली, परत धरली.

"थोडका अन् थोडा यात फरक असते," ते म्हणाले. "बैठका. वीस. गिला वडा, तू चाळीस."

सरांना तीन भाषा येतात आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. कवायत सावधान-विश्रामची. बोलणं अस्सल वऱ्हाडी. आणि प्रार्थना मात्र अशा मराठीत, की वाटावं गेल्या शतकाआधीचा कुणी पंडित बोलतो आहे: 'आम्हांस', 'तुजकडे', 'कृपावंत हो'. डोळे मिटले की सरांच्या तोंडात 'मले-तुले' येतच नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "देवासंगं बोलतानी नीट बोला लागते ना राजा. तिथं काय टपरी हाय?"

एकदाच मोडलं ते. आमच्यात दर्यापूरकडचा एकजण आहे, खारपाणपट्ट्यातला. एका साली ऐन कापणीत पाऊस आला आणि त्याचं सोयाबीन उभ्यानेच कुजलं. तो बोलला काही नाही, नेहमीसारखा रांगेत उभा राहिला, दंड मारले. शेवटी गोल करून सरांनी सुरुवात केली, "हे परमकृपाळू पित्या, आम्ही तुजकडे..." आणि थांबले. पुढचं वाक्य सापडेना. बराच वेळ कडुनिंबावरचे कावळेच बोलत होते. मग सर म्हणाले, "बाप्पा, याच्याकडं पाय ना जरा." आमेन म्हणायचं सगळेच विसरले. चहाचे पैसे त्या दिवशी जक्कयने दिले. कर खात्याच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

सर तयार झाले ते हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं मंडळ. आखाड्याच्या तांबड्या मातीत चर्चमधला पोरगा लोळतो म्हणून तेव्हा घरी कुरकुर झाली होती म्हणे. सरांचं उत्तर अजून तेच आहे: "दंडाले धर्म नसते. खाली गेला की वर या लागते, बस्स." १९३६ साली मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकला जाऊन कबड्डी आणि देशी कसरती दाखवून आला, ती गोष्ट सर अशी सांगतात की जणू मागच्या बाकावर बसून तेही गेले होते. सरांचा जन्म तेव्हा वीसेक वर्षं लांब होता. आम्ही हिशोब करत नाही.

दुसरं पुराण वायएमसीएचं. लंडनला १८४४ साली जॉर्ज विल्यम्स आणि त्याच्यासारख्या दुकानांतल्या नोकरदार पोरांनी प्रार्थनेसाठी काढलेली ही संघटना. पुढं तिच्याच अमेरिकेतल्या मास्तरांनी १८९१ ला बास्केटबॉल आणि १८९५ ला व्हॉलीबॉल शोधून काढला. व्हॉलीबॉलवर सरांचा विशेष जीव. बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या वयस्कर, पोट सुटलेल्या गृहस्थांसाठी विल्यम मॉर्गनने हा खेळ बेतला, हे सांगताना सर गिल्या वड्याकडे बघतात. "तुह्यासाठी एका मानसानं डोकं खाजवलं रे सव्वाशे वर्षांपयले. अन् तू बॉल सोडून देतं."

सरांचा भाचा अमेरिकेत शार्लट गावी असतो. त्याने एकदा फोनवर सांगितलं की तिथं २०११ पासून एफ-थ्री नावाचं एक प्रकरण आहे: पुरुष पहाटे अंधारात मोकळ्या जागेत जमतात, फुकट व्यायाम करतात, प्रत्येकाला टोपणनाव मिळतं, शेवटी गोल करून मनातलं बोलतात, श्रद्धेचं बोलतात. ते म्हणे आता गावोगाव पसरलं आहे. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तं आपलंच हाय. अन् टोपननावासाठी संस्था काढा लागते का बे? आमच्या इथं मानूस दोन दिवस दिसला की पडते."

पण भाच्याने एक नियम असाही सांगितला की तिथं रोज वेगळा माणूस पुढारी असतो. हा नियम सरांच्या मनाला लागला. न्यायाने ते बरोबर होतं, आणि बरोबर असलेलं टाळणं सरांना जमत नाही. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी गिल्या वड्याची. त्याने शिट्टी गळ्यात घातली, सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं, 'दाहिने मूड' दिलं आणि फाटकातून बाहेर काढून सरळ कढी-समोशाच्या गाडीवर नेऊन 'थम' केलं. सर रांगेत सगळ्यात मागे होते. हुकूम पाळायचा म्हणून त्यांनीही एक खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी परत सरांच्या गळ्यात.

अकोल्याला सरांचे मेव्हणे असाच एक कंपू चालवतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी अमरावती विरुद्ध अकोला व्हॉलीबॉल. आम्ही जीप करून जातो. रस्त्याला लागलो की सर सांगतात, २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात गेलं. "अन् शकुंतलेले मैदानाचा एक चक्कर माराले पावना तास लागते." शकुंतला खिडकीबाहेर बघत राहते. मेव्हण्यांचं म्हणणं, खरा विश्वास अकोल्यातच तपासला जातो, कारण मे महिन्यात पारा ४७ च्या घरात जाऊनही त्यांची माणसं येतात. सरांचं म्हणणं, येतात; झाडाखाली बसतात. सामने बहुधा अकोलाच जिंकतं. परतताना सर मूर्तिजापूरपर्यंत गप्प असतात.

आणि मग ईस्टरची शर्यत.

योहानाच्या शुभवर्तमानात आहे की कबर रिकामी असल्याचं कळलं तेव्हा पेत्र आणि दुसरा एक शिष्य धावत निघाले, आणि तो दुसरा पेत्राच्या पुढं जाऊन आधी पोचला. परंपरा म्हणते तो दुसरा म्हणजे खुद्द योहान. सरांना हे कधी पटलं नाही. "लिहिनारा कोन? योहान. जितला कोन? योहान. पंच कुठं हाय? जोड्यातल्या एकानंच निकाल लिहिला तं शाळेत मी प्रोटेस्ट घेतला असता." म्हणून पुनरुत्थानाच्या रविवारी, पहाटेच्या उपासनेआधी, फाटकापासून मागच्या कडुनिंबापर्यंत ही धाव नव्याने घेतली जाते. पेत्र सर. योहान दरवर्षी कोणीतरी तरुण. पंच मी, कारण शोमरोनी निःपक्षपाती असतो असं मानतात. सर आजवर कधी जिंकले नाहीत, पण दरवर्षी निकालावर पंचाची सही घेतात.

यंदा योहान म्हणून युतुखला धरलं. तो झोपाळू, सरांना वाटलं, संधी आहे. निम्म्या वाटेपर्यंत पेत्र खरंच पुढं होता. काकू ओट्यावरून ओरडल्या, "अहो, वय पाहा!" सरांनी वय बघायला म्हणून की काय, मागे वळून पाहिलं आणि कडुनिंबाच्या मुळीत पाय अडकला. युतुख पोचला, आणि पोचल्यावर त्याला कळलं की आपण जिंकलो.

घोट्याला प्लॅस्टर. तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. सोमवारी मैदानात शिट्टी वाजली नाही. मंगळवारी जक्कयने हाताने टाळ्या वाजवून मोजलं, पण त्याला बारापुढचं चुकतं. बुधवारी दर्यापूरवाला म्हणाला, "कफर्णहूमच्या चौघांनी काय केलं होतं?" तिथं एका पक्षघात्याला चार मित्रांनी बाजेसकट उचललं होतं, आणि दारात गर्दी म्हणून छप्पर उसकून आत येशूपुढं सोडलं होतं. आमच्याकडे छप्पर उसकायचं काम नव्हतं. बाज तर अंगणात होतीच.

गुरुवारी सव्वापाचला चौघे सरांच्या दारात. "हे काय थेर लावले बे?" सर म्हणाले, पण म्हणताना गळ्यात शिट्टी घातलेली होती. पुढं दर्यापूरवाला आणि गिला वडा, मागं जक्कय आणि शकुंतला. जक्कयची उंची कमी म्हणून बाज एका कोपऱ्याला कललेली. मी पुढं कंदिलासारखा मोबाइल धरून. वळणावर दूधवाला सायकलवरून उतरला आणि त्याने टोपी काढली. त्याला वाटलं, गेले. सरांनी बाजेवरून उठून त्याला झापलं.

फाटकाशी बाज आडवी अडकली. सरांनी शिट्टी फुंकली.

"थांबा! कफर्णहूमचे चौघं असे चालले असते तं तो बिचारा छपरावून डोक्यावर पडला असता. जक्कय, तुहा पाय उजवा पडून राह्यला, बाकी तिघांचा डावा. चला, परत. माह्या घरापासून. एक, दोन..."