गड आला, पण सोल गेला

आमचे साडू गॅसचं बटण बंद केलं की त्याचा फोटो काढून ठेवतात. गाडी सुटल्यावर शंका आली तर हाताशी पुरावा हवा. या गृहस्थांनी राजगडाची सहल ठरवली आणि सप्टेंबरचा अख्खा पंधरवडा आमच्या घरी युद्धाची तयारी चालली.

व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. पहिल्या दिवशी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचे फोटो आले. मावशींनी रोजच्या सवयीनं घोणशीला हात जोडले. खाली सूचना होत्या: चावलेल्या जागी चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. तो अवयव हलू न देता माणसाला तडक दवाखान्यात न्यायचं. हे सगळं बरोबरच आहे, पण रात्री साडेअकराला वाचायचं नसतं.

मग शिट्टी. डोंगरात अडकलात तर मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा वेळा. साडूंनी गॅलरीत सराव केला, पण इमारतीतलं एक माणूस मदतीला आलं नाही. आमच्याकडे सहा शिट्ट्या म्हणजे राजमा.

आग्या माश्या अत्तरानं आणि धुरानं चवताळतात, म्हणून आदल्या रात्रीपासून सेंट, डिओ, सुगंधी तेल सगळं बंद. पहाटे साडेचारला बंद काचांच्या गाडीत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या जवळ एकही माशी फिरकली नसती, याची मी हमी देतो.

माणशी तीन लिटर पाणी, विजेरी, जादा मोजे, मीठसाखरेची पाकिटं, रेनकोट, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. घरी कोणाला तरी सांगून ठेवायचं की कुठल्या वाटेनं चढणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार. यादीत बुटांचाही रकाना होता. तिथं मी ऐटीत लिहिलं, ‘आहेत.’

होतेच. कधीकाळी कळसूबाईसाठी घेतलेले, महागाचे. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरावर, म्हणजे १६४६ मीटरवर जाऊन आलेले ते बूट मी धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. आमच्या घरात इतकं जपून मलाही कोणी ठेवलेलं नाही.

नसरापूरला चहा झाला. गुंजवण्याहून चढायला लागलो. हिरवागार डोंगर, पिवळी सोनकी, ढगात शिरलेला बालेकिल्ला. निसर्ग संपला.

रान लागल्यावर तासाभरात चिखलातून उजवा पाय उचलला, तेव्हा माझ्यामागे कोणीतरी टाळी वाजवली. वळून पाहिलं तर कोणी नाही. पुढच्या पावलाला परत टाळी. बुटाचा सोल पुढून उघडला होता आणि माझं जाहीर कौतुक करत होता. पाचेक मिनिटांत डावाही सामील झाला. उजव्याला हात लावला तर नानकटाईसारखा भुगा हातात आला.

पुतण्या केमिकल इंजिनिअरिंगला आहे. तिथंच दगडावर बसून त्यानं व्याख्यान दिलं. बुटाच्या तळात पॉलियुरेथेन असतं. हवेतला दमटपणा त्यात मुरतो आणि वर्षानुवर्षं आतून त्याचे बंध तोडत राहतो. बूट नुसता ठेवून दिला तरी हे घडतंच, वरून काही दिसत नाही. म्हणजे दोष माझा नव्हता, पाण्याच्या रेणूंचा होता. हे मी बायकोला दोनदा सांगितलं.

साडूंनी सॅक उघडली. सापाचं होतं, माशीचं होतं, विजेचं होतं, माकडांचंसुद्धा होतं. बुटाचं काही नव्हतं. शेवटी क्रेप बँडेज गुंडाळलं. ते ओलं होऊन सुटलं आणि माझ्यामागे शेपटासारखं फरफटू लागलं. वर जाणारा प्रत्येक जथा थांबून सल्ला देत होता. एकाच्या सॅकला भोंगा लटकलेला, त्यावर डीजेची गाणी. ‘काका, फेविक्विक!’ असं ओरडून तो गेला आणि गाणं मात्र पंधरा मिनिटं मागे राहिलं. सुरक्षिततेच्या यादीत भोंगेवाल्यांवर काहीच उपाय नाही. असायला हवा, आणि तो मारक असला तरी माझी हरकत नाही.

वळणावर ताक विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या.

“बुटाचं बूड सुटलं व्हय, दादा?”

शेजारी शेरडू बांधलेलं. त्यांनी त्याची दोरी सोडली, त्याला ताकाच्या कॅनला पदराच्या चिंधीनं अडकवलं आणि माझा चिखलानं लडबडलेला पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओशाळून ओढून घेऊ लागलो, तर “गप ऱ्हावा” म्हणाल्या. विळ्यानं दोरीचे दोन तुकडे. टाचेखालून दोन फेरे, चवड्यावरून एक आणि घोट्याशी मोळीची गाठ. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. आई गेल्यापासून माझ्या पायाला कोणी असा हात लावलेला नाही. मला तिथं काही बोलता येईना, म्हणून मी लागोपाठ तीन ग्लास ताक प्यायलो.

“दोरीचं किती?”

“दोरीचं काय घ्यायचं? ताकाचं द्या.”

त्या दोरीवर मी रेलिंग धरून चोर दरवाज्यातून वर गेलो. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्या इथंच गेल्या, संभाजीराजे तेव्हा दोन वर्षांचे होते. तिथं मात्र बराच वेळ बसलो, साडूसुद्धा गप्प होते. मग त्यांनी पुरंदरच्या तहाचा विषय काढला. १६६५ मध्ये महाराजांनी तेवीस किल्ले देऊन बारा राखले, त्यात हा राजगड. मी दोन सोल देऊन एकही राखू शकलो नव्हतो, पण ही तुलना मनातच ठेवली.

उतरताना मावशी नव्हत्या, शेरडूही नव्हतं. दोरीचे पैसे शेजारच्या सरबतवाल्याकडे दिले. ‘बोलणी मला खावी लागतील’ म्हणत त्यानं ते ठेवून घेतले.

नसरापुरात चप्पल शिवणाऱ्या काकांपुढे बूट ठेवले. त्यांनी गाठी सोडल्या, उरलासुरला भुगा झटकला, आत हात घालून चामडं दाबून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “वरचा माल एक नंबर हाय बघा साहेब. अगदी जपून वापरलेला दिसतोय.”