व्हिक्टोरियाबाईंच्या आधी नको!

काकांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर ओकव्हिलमधल्या निदान पाच-सहा घरांतून फोन येतील, "आमच्या ह्यांच्यावरच लिहिलंस ना?" म्हणून. न देताही येतीलच. नेयागावा बुलेवार्डच्या अलीकडे एक, ग्लेन ॲबीत दोन, ब्राँटीच्या बाजूला एक, अशी ही मंडळी गावभर विखुरली आहेत. ऑगस्टात कुंपणावरून दुधी लोंबताना दिसला की घर शोधायला पत्ता लागत नाही.

बागवाले काका मूळचे डोंबिवलीचे. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक तुळस आणि एक कोरफड होती, आणि दोघींना पाणी काकू घालायच्या. काकांचा मातीशी संबंध पावसाळ्यात पँटवर उडेल तेवढाच. असा माणूस कॅनडात येतो, वीस-बावीस वर्षं संगणकापुढे बसतो, घराचं कर्ज फेडत आणतो आणि एका संध्याकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात उभा राहतो. "एवढी जागा काय नुसतं गवत उगवायला?" या वाक्याने रोग लागतो. २०२० साली सगळं जग घरात कोंडलेलं असताना ही साथ दुसऱ्या साथीच्या आडून आमच्याकडे पसरली. त्या दुसरीवर लस निघाली.

सुरुवातीला काकांना वाटलं होतं, कुदळ मारली की काळीभोर जमीन लागेल. चार इंचांवर कुदळ 'खण्ण' वाजली. खाली चिकणमाती! ओली असताना चप्पल सोडत नाही आणि वाळली की तिच्यावर नारळ फोडावा. घरं बांधताना वरची चांगली माती खरवडून नेतात आणि जाताना गवताच्या गालिच्याखाली चार बोटं परत पसरतात, हे ज्ञान त्या दिवशी झालं. खड्ड्यातून दीड वीट, एक मोजा आणि कॉफीच्या कपाचं झाकण निघालं. काकांनी तिन्ही वस्तू धुऊन ठेवल्या. "हडप्पालाही अशीच सुरुवात झाली असेल," म्हणाले. तेव्हापासून त्यांचे वाफे जमिनीवर लाकडी चौकटींत असतात आणि माती पोत्यांनी विकत येते. माती विकत आणतो हे त्यांनी गावाकडच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.

पण काकांची खरी विद्वत्ता कालगणनेत आहे. इथल्या जुन्या लोकांचा नियम असा की, नाजूक रोपं व्हिक्टोरिया डेच्या आधी बाहेर लावायची नाहीत. राणीचा वाढदिवस २४ मेचा. १९५२ पासून सुट्टी २५ मेच्या आधीच्या सोमवारी असते. काकांनी दाते पंचांग उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळजवळ किंचाळले. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तो २५ मेच्याच सुमाराला! म्हणजे आपला शेतकरी रोहिणीवर डोळा ठेवून असतो आणि इथला व्हिक्टोरियावर. बाई एकच, माहेरचं नाव वेगळं. तेव्हापासून आमच्यात कुणी एप्रिलच्या एका उबदार रविवारी टोमॅटोची रोपं विकत आणली की काकांचा फोन येतो: "व्हिक्टोरियाबाईंच्या आधी नको!" मी एकदा ऐकलं नाही. ते २०२०च साल, मदर्स डेचा आठवडा, म्हणजे मेची नऊ-दहा तारीख, आणि बाहेर चक्क बर्फ भुरभुरत होतं. माझी बारा रोपं उभ्या उभ्या काळी पडली. काका भेटायला आले ते मयताला येतात तसे, हळू पावलांनी. तोंडाने एक शब्द बोलले नाहीत, पण बसले मात्र पाऊण तास.

त्यांचा स्वतःचा हंगाम फेब्रुवारीत बेसमेंटमध्ये सुरू होतो. बाहेर उणे पंधरा, आणि खाली जांभळ्या दिव्यांखाली वांगी-मिरच्यांची बाळं. दुधी-कारल्याचं बी एप्रिलमध्ये. त्याची टोकं नेलकटरने कुरतडायची, रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची, ओल्या टिशूत गुंडाळून झिपच्या पिशवीत घालायची आणि ती पिशवी इंटरनेटच्या राउटरवर ठेवायची, कारण घरात चोवीस तास ऊब असलेली तीच एक जागा. नातवाचा गेम अडकला की तो ओरडतो, "आबा, तुमचा दुधी!" बेसमेंटच्या छोट्या खिडकीतून तो जांभळा उजेड रस्त्यापर्यंत जातो. १७ ऑक्टोबर २०१८ पासून इथे गांजा कायदेशीर आहे आणि ओंटारियोत घरटी चार रोपं लावायला परवानगी आहे. शेजारच्या तरुणाने एकदा डोळा मारून विचारलं, "चारच ना?" काका अभिमानाने म्हणाले, "छे, अडतीस!" पोरगा त्या दिवसापासून त्यांना फार मान देतो.

मे महिन्यात रोपांना ऊन दाखवण्याचा विधी असतो. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर, वारा सुटला की पळत आत. काकूंचं म्हणणं, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत ह्यांनी मुलांना एकदा ऊन दाखवलं असेल तर शपथ."

तणाबाबत काकांचं आणि ओकव्हिलचं मूलभूत मतभेदाचं नातं आहे. २००९ पासून ओंटारियोत नुसत्या शोभेच्या हिरवळीवर रासायनिक तणनाशकं मारायला बंदी आहे, त्यामुळे शेजारच्या आजीबाई गुडघ्याखाली उशी घेऊन एकेक तण हाताने उपटतात. काकांनी एकदा कुंपणावरून डोकावून पाहिलं तर बादलीत काय? चाकवत! पानांच्या मागे तीच पांढरी भुकटी, तोच कोवळा दांडा. आणि त्याच्याखाली लालसर देठांची, जाड पानांची घोळ. "टाकू नका, टाकू नका!" करत काका धावले. त्या संध्याकाळी ताकातला चाकवत झाला, लसणीची फोडणी वरून. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा बादली मागायला गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दारात एक खोका होता: सूपचे डबे, मॅकरोनी, पीनट बटर, आणि एक चिठ्ठी, अडचणीचे दिवस सगळ्यांवर येतात अशा अर्थाची. काकूंनी ती चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे, भांडणात काढतात.

गणपतीसाठी लागणारी हरळी मात्र इथल्या थंडीत टिकत नाही. म्हणून देशभरातले माळी ज्या वंशाला शाप देतात त्याची एक कुंडी काकांच्या खिडकीत वर्षभर सुखात नांदते. तिला खत मिळतं. काकांना मधुमेहामुळे गोड मिळत नाही.

खारींचा विषय निघाला की काका रामायणावर येतात. आपल्याकडच्या खारीच्या पाठीवर रामाने बोटं फिरवली, म्हणून तिला पट्टे आणि संस्कार. इथल्या खारीपर्यंत रामाचा हात पोचलाच नाही. काळ्या आणि करड्या दोन्ही खारी एकाच जातीच्या आहेत असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "असतील, पण काळ्या जास्त मुद्दाम करतात." ऑक्टोबरात लावलेले ट्यूलिपचे कांदे खारी दुसऱ्या दिवशी उकरतात. काकांनी वर संकेश्वरी तिखट भुरभुरलं. चार दिवस खारी फिरकल्या नाहीत, मग पाऊस पडला. पण त्या नुसत्या नेत नाहीत, ठेवूनही जातात. गावाचं नावच ओकव्हिल. १८२७ मध्ये विल्यम चिझमने सिक्स्टीन माइल क्रीकच्या मुखाशी जमीन घेतली ती ओकच्या जंगलाची, आणि इथून ओकच्या फळ्या पिंपांसाठी बोटीतून जायच्या. ती जंगलं गेली, पण खारींना कुणी कळवलेलं नाही. त्या काकांच्या मेथीत ओकची फळं पुरतात आणि जूनमध्ये जुडीएवढ्या मेथीत बोटभर ओक उभा राहतो. आधी काका उपटून टाकायचे. मग कळलं की गावाला २०५७ पर्यंत, म्हणजे नगराचा दर्जा मिळाल्याच्या द्विशताब्दीपर्यंत, चाळीस टक्के जमिनीवर झाडांची सावली हवी आहे. तेव्हापासून एक ओक कुंडीत आहे. "गावाचा हिस्सा," म्हणतात.

पण काका खरे बघावेत ते ऑगस्टातल्या तिन्हीसांजेला.

पत्र्याच्या शेडशेजारी दुधीचा मांडव आहे. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला नातवाने टाकून दिलेलं रस्त्यावरच्या हॉकीचं जाळं. जुलैभर वेलीवर नुसती नर फुलं, लांब बारीक दांड्याची. "सगळे नवरदेव, आणि वधूचा पत्ता नाही. आपल्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यासारखं," असं काकांचं निदान. मग ते थ्री-जी कटिंग करतात: मुख्य वेलीचा शेंडा खुडायचा, आडव्या फांदीचा खुडायचा, आणि तिसऱ्या पिढीच्या फांदीवर मादी फुलं येतात. हे शिकायला त्यांनी यूट्यूबवर बिहारपासून कोइमतूरपर्यंत सगळ्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेत. टू-जी घोटाळ्यानंतर जीचा इतका अभ्यास कुणी केला नसेल.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटायला लागतं. त्याचं काम निशाचर पतंगांचं. पण इथल्या पतंगांवर काकांचा भरवसा नाही. साडेआठला ते कपाळावर दिवा बांधून बाहेर पडतात. मादी फूल सापडलं की आधी थांबतात. फुलाखाली अंगठ्याएवढा लव असलेला दुधी असतो, तो दोन बोटांत धरून दिव्याच्या उजेडात निरखतात. मग नर फूल खुडतात, त्याच्या पाकळ्या एकेक करून मागे दुमडतात, आणि पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच, तीन वेळा, गोल फिरवतात. त्या वेळी ते बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मग दांड्याला लाल दोरा बांधतात, "झालं हं, सावधान," असं पुटपुटतात आणि पुढच्या मांडवात जातात. दोऱ्याचा हिशेब वहीत: तारीख, वेल, कार्य. ज्या दुधीला दोरा नाही आणि तरी धरला, त्याच्याकडे ते जरा संशयाने बघतात.

आणि मग धरतात, ते सगळे एकदम. गणपतीपर्यंत काकांच्या घरी चपला काढायच्या जागेवर दुधी उभे असतात, लहान मुलांच्या रांगेसारखे. आरती-मोदक झाले की प्रत्येक पाहुण्याच्या काखेत एक. दर तासाला शंभर निरोप येणाऱ्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका विचारतात, "दुधी कुणाला हवाय?" आणि दोन दिवस ग्रुपवर सुतकी शांतता. मग डोअरबेल कॅमेऱ्यांत रात्री सव्वादहाला एक गृहस्थ दिसतात. टोपी, जाकीट, हातात लांबट काहीतरी. दारात ठेवतात आणि चटचट निघून जातात. शेजारच्या आजीबाईंनी पहिल्या वर्षी बेसबॉलची बॅट समजून तो नातवाला दिला होता. आता त्या त्याचा केक करतात आणि अर्धा परत पाठवतात. ब्रॅम्प्टनच्या दुकानात दुधी दोन-तीन डॉलरला मिळतो. माती, बांबू, दिवे, पाणी, खत धरून आपला केवढ्याला पडतो हा हिशेब काकूंनी एकदाच केला. काकांनी वही बघितली आणि विषय मोदकांवर नेला.

सप्टेंबरच्या मध्यावर रात्र दहा अंशांखाली गेली की स्थलांतर सुरू होतं. मोगरा, जास्वंद, लिंबू, गवती चहा आणि शेवटी, दोघांनी उचलून, कढीपत्ता. घरातली दक्षिणेची खिडकी त्याची. मुलगी-जावई राहायला आले तर त्यांना बेसमेंट.

मागच्या गल्लीतले पोर्तुगीज आजोबा नोव्हेंबरात आपलं अंजिराचं झाड मुळाच्या एका बाजूने मोकळं करून वाकवतात, चरात आडवं निजवतात, वर फळ्या आणि माती टाकतात. एप्रिलमध्ये उकरून उभं करतात. काका त्या दिवशी मदतीला असतात. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नाही. काका म्हणतात, "मिरची तुम्हीच आम्हाला आणून दिलीत, नाहीतर आम्ही मिरीवर भागवत होतो." आजोबा हसून फावडं पुढे करतात. परतताना काका मला म्हणाले, "जिवंत समाधी रे. आणि तीही दर वर्षी."

गेल्या जानेवारीत काका-काकू तीन आठवडे डोंबिवलीला गेले आणि घराची किल्ली माझ्याकडे आली. सूचनांची तीन पानं होती. घराविषयी चार ओळी, बाकी कढीपत्ता. मी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. तरी पाचव्या दिवशी पानं पिवळी आणि दहाव्या दिवशी जमिनीवर. काड्या तेवढ्या उरल्या. त्याच रात्री काकांचा व्हिडिओ कॉल. मागे रिक्षांचा आवाज, भाजी बाजार.

"इथे जुडीबरोबर फुकट देतात रे," काका म्हणाले. आवाज पडलेला होता. "मागितलाही नव्हता. बाईने आपणहून मूठभर कढीपत्ता पिशवीत टाकला." जरा थांबून म्हणाले, "दाखव त्याला."

मी फोन मोगऱ्याकडे वळवला. लिंबाकडे वळवला. हरळीची तब्येत दाखवली. शेवटी वळवावाच लागला.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झोपलाय तो. थंडीत झोपतो. पाणी निम्मं कर." आणि मी माफी मागायला तोंड उघडलं, तर भर बाजारात स्वतःच आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोल जरा."