गाडी कशी फोडून घ्यावी : शहापूर-मुरबाडला पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की आमच्या दोन्ही तालुक्यांत शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. शहापूरच्या बाजूला आसनगावहून आत वळून माहुलीचा पायथा, पुढे कसाऱ्याकडे विहीगावचा धबधबा. २००१ च्या ‘अशोका’ सिनेमाचं चित्रीकरण तिथे झाल्यापासून सगळे त्याला अशोका धबधबाच म्हणतात. मुरबाडच्या बाजूला कल्याण-नगर रस्त्याने माळशेज, वाटेत वैशाखरेहून नाणेघाट, आणि देहरीला वळलात तर गोरखगड. येणारी माणसं सुशिक्षित असतात, गाड्या नव्या असतात, आणि त्या फोडून घेण्यासाठी मंडळी जी मेहनत घेतात ती पाहून जीव हळहळतो. मेहनत आहे, पण शिस्त नाही. कोणी अर्धवट सामान दाखवतं, कोणी चुकून काच वर करतं. अशा धरसोडीने काही साधत नाही. म्हणून हे धडे.

तयारी घरापासून करायची. लॅपटॉप घरी ठेवू नये. सोमवारी सकाळी लागणारच आहे, मग रविवारी त्यालाही धबधबा दाखवायला काय हरकत? पाकिटातली सगळी कार्डं, सोसायटीच्या मेंटेनन्सची रोकड, बायकोचं मंगळसूत्र (‘पाण्यात पडेल, गाडीतच ठेव’), आधार कार्डाची मूळ प्रत, घराच्या चाव्या. घराच्या चाव्या आणि घराचा पत्ता छापलेली आरसी एकाच कप्प्यात असावी, म्हणजे चोराला पुढचा कार्यक्रम आखायला सोपं जातं. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमधून मोबाइलवर दाखवलं तरी पोलिसांना चालतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते विसरून जावं.

आता जागा. माहुलीच्या पायथ्याशी किंवा देहरीत एखाद्या घरच्या अंगणात गाडी लावली तर पन्नास रुपये घेतात. त्या अंगणात ओट्यावर एक आजी बसलेली असते. भात निवडत असेल, नातवाला रागे भरत असेल, पण कोणाची गाडी कुठली, त्या गाडीतून किती माणसं उतरली आणि लाल टोपीवाला परत आला की नाही, हे तिला पाठ असतं. परक्या माणसाने एखाद्या दाराच्या कडीला हात लावला तर ‘कोन हाय रं तिकडं?’ अशी हाक येते. एवढी सुरक्षा असलेल्या ठिकाणी गाडी फुटणं अशक्य. तेव्हा पन्नास रुपयांवरून हुज्जत घालावी, ‘रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का’ हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि गाडी पुढच्या वळणावर, सागाच्या झाडीत, जिथून एकही घर दिसत नाही तिथे लावावी. सावलीही मिळते. तिथल्या मातीत खडीसाखरेच्या दाण्यांसारखा काचेचा चुरा पसरलेला दिसला तर समजावं की जागा योग्य आहे. आपल्या आधीही कोणीतरी पन्नास रुपये वाचवून गेलेलं आहे.

या चुऱ्याचं थोडं शास्त्र सांगतो, कारण शिकाऊ माणसाला ते उपयोगी पडतं. समोरच्या काचेत दोन थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. ती तडकते पण जागच्या जागी राहते. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत वेगळ्या, टफन्ड असतात. अपघातात माणसाचा गळा कापू नये म्हणून त्या एका फटक्यात बारीक दाण्यांच्या होतात. ही सोय माणसासाठी केलेली, पण फायदा दोघांना होतो. काच फुटायला क्षण पुरतो. आणि चोराकडे क्षण नाही, अख्खी दुपार असते. माहुली चढायला दोन-तीन तास, उतरायला जवळपास तेवढेच. पाठीवर सॅक लावून तुम्ही वाटेला लागलात की तो घड्याळ लावून निवांत बसू शकतो. बाजारपेठेतल्या चोराला घाई असते, आमच्याकडच्याला नसते. डोंगरातल्या आणि गावातल्या चोरीत खरा फरक एवढाच.

यानंतर डिकीचा धडा. हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाचा.

गाडी लावल्यावर सगळ्यांनी खाली उतरावं. आळोखेपिळोखे द्यावेत. मग कुटुंबप्रमुखाने मोठ्याने विचारावं, ‘पर्स कुठाय? लॅपटॉप मागे टाक ना!’ मग डिकी उघडावी. एकेक वस्तू पुढच्या सीटवरून काढून, वर धरून, मागे न्यावी. मनगटावरचं घड्याळ काढून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात घालावं, चेन लावावी, पर्स लॅपटॉपच्या बॅगेखाली सरकवावी आणि त्यावर टॉवेल पसरावा. टॉवेल पसरताना दोन्ही बाजूंना एकदा चोरट्या नजरेने पाहावं. ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही जातं. डिकी धाडकन लावावी. हा सगळा प्रवेश पाहायला मक्याची कणसं भाजणारा, दोन बाइकवाले, दुसऱ्या गाडीतली पाच पोरं आणि एखादं माकड हजर असतं. त्यातला माणूस कोण आणि चोर कोण हे ओळखायची जबाबदारी तुमची नाही. तुम्ही फक्त दाखवायचं.

हे टाळायचा मार्ग भलताच सोपा आहे आणि म्हणूनच तो कोणी वापरत नाही. जे मागे ठेवायचं ते घरून निघतानाच मागे ठेवायचं, आणि जिथे गाडी लावणार तिथे डिकी उघडायचीच नाही. घरी राहून गेलं असेल तर अलीकडच्या पेट्रोल पंपावर हे उरकावं. पायथ्याशी पोचल्यावर तुम्ही नुसतं उतरायचं आणि चालू लागायचं. बघणाऱ्याला गाडी रिकामी दिसते. चोर काच फोडतो तो दिसलेल्या वस्तूसाठी, किंवा वस्तू असेल अशा अंदाजाने. रिकामी बॅग जरी सीटवर दिसली तरी काच जाते, कारण ती रिकामी आहे हे त्याला आत शिरल्याशिवाय कळत नाही. लोंबणारी चार्जिंगची वायर, डॅशबोर्डवरचा मोबाइलचा स्टँड, सीटवर पडलेलं जॅकेट ही सगळी निमंत्रणं. डॅशबोर्डचा कप्पा उघडा आणि रिकामा ठेवून जाणारे काही अनुभवी ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ही माणसं कधीच सुधारणार नाहीत.

शिवाय डिकी म्हणजे तिजोरी नव्हे. मागे वेगळी डिकी नसलेल्या, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत, मागची सीट पुढे पाडली की हात थेट सामानावर. वरचा झाकणाचा ट्रे तर पहिल्याच गोवा ट्रिपला काढून घरी माळ्यावर टाकलेला असतो. आमच्या भागात टिकून राहिलेली सर्वांत जुनी पैशाची पेटी म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरचा रांजण. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून त्यात जकात घेत, असं सांगतात. दोन हजार वर्षं तो उघड्यावर आहे, झाकण नाही, कुलूप नाही, आणि कोणी नेलेला नाही. तो अखंड दगडाचा आहे आणि आत काही नाही.

चावीबद्दल थोडक्यात. ती पुढच्या चाकावर ठेवावी. ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचलेली आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान रिमोट चालता चालता, मागे न बघता दाबावा आणि गाडी लॉक झाली की नाही हे कडी ओढून पाहू नये.

मौल्यवान वस्तूंचा विषय निघालाच आहे तर एक सांगून घेतो. तानसा १८९२ पासून आणि भातसा नंतर, अशी शहापूर तालुक्यातली धरणं रोज मुंबईला पाणी पाठवतात. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातशाचं. आणि मे महिन्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. याची फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची ते कोणी सांगितलेलं नाही. असो, आपण गाडीकडे वळू.

कारण गाड्या आता पाहुण्यांच्याच राहिल्या नाहीत. समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि ज्या घरी कालपर्यंत सायकल होती तिथे अंगणात गाडी उभी राहिली. तेव्हा गाववाल्यांसाठीही एक धडा हवा. गावच्या माणसाची गाडी डोंगरात फुटत नाही, बँकेसमोर फुटते. खरेदी केंद्रावर भात घातलं, पैसे खात्यात आले, मुलीच्या लग्नासाठी एकदम काढले. खरं तर ते काउंटरवरच मोजून घ्यायचे असतात, पण तसं करू नये. बाहेर पायरीवर येऊन उन्हात मोजावेत. मग पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत चहाला जावं. कोणीतरी ‘काका, तुमचे पैसे पडले’ म्हणून रस्त्यावरच्या दहाच्या नोटा दाखवेल. वाकून उचलाव्यात. कारवाल्यांना ‘साहेब, इंजिनातून ऑइल गळतंय’ असं सांगतात. लगेच उतरून बॉनेट उघडावं, आणि शेजारच्या सीटवरची बॅग आपल्या जागी असू द्यावी. दुसऱ्या दाराने येणाऱ्या माणसाची गैरसोय होऊ नये. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो, तिथे हे सगळे प्रयोग मोठ्या प्रेक्षकांसमोर करता येतात. बँकेतून थेट घर, वाटेत थांबणं नाही, सोबत दुसरा माणूस, आणि जमेल तेवढा व्यवहार खात्यावरून, असं म्हणणाऱ्याला गावात भित्रा म्हणतात.

एवढं करून गाडी फुटलीच तर पुढे काय?

पहिली गोष्ट म्हणजे संशय. तो तयारच असतो. रानभाजी विकायला बसलेली बाई, ‘दादा, गाडी बघू का?’ विचारणारं ठाकूर-कातकऱ्याचं पोर, यांच्याकडे बोट जातं. सकाळी डिकीचा खेळ पाहणारे बाइकवाले आणि शेजारच्या गाडीतली पोरं केव्हाच निघून गेलेली असतात, हे पोर मात्र तिथेच असतं. दिवसभर तिथेच बसलेला माणूस चोरी करून तिथेच कशाला बसेल, हा साधा विचार संतापात सुचत नाही. मला विचाराल तर त्या पोराला जाताना वीस रुपये देऊन ‘बघ रे बाबा’ म्हणणं हा काचेच्या विम्याहून स्वस्त विमा आहे. इथे विनोद संपला, पुढचं खरंच करायचं आहे.

काच झाडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. ११२ लावा. हद्दीचा घोळ घालू नका. माळशेजच्या बोगद्याअलीकडे ठाणे ग्रामीण पोलीस, पलीकडे पुणे ग्रामीण. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआरची तरतूद आहे, म्हणजे हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. कागदावर ‘गहाळ’ लिहून घेऊ नका, ‘चोरी’ लिहायला सांगा. गहाळ म्हणजे तुम्ही हरवलं. वाहनातल्या सामानाची चोरी मात्र भारतीय न्याय संहितेच्या ३०५ कलमाखाली येते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत जोडून संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो आजच, फोन हातात असतानाच, कुठेतरी लिहून ठेवा. आणि विम्याचं असं आहे, की काच मिळते, सामान मिळत नाही. वैयक्तिक सामानाचा वेगळा जोडविमा घेतला नसेल तर लॅपटॉप तुमच्या खर्चाने गेला. काचेच्या दाव्यातही छोट्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून, वर नो क्लेम बोनस जातो.

हे सगळं नकोच असेल तर कसाऱ्याची लोकल पकडा आणि आसनगावला उतरा. लोकलला डिकी नसते. स्टेशनबाहेरून माहुलीच्या पायथ्यापर्यंत रिक्षा मिळते. परतीची वेळ रिक्षावाल्याला जातानाच सांगून त्याचा नंबर घ्या, कारण संध्याकाळी गावात रिक्षा उभी नसते.