साडेतीन तारे, बाकी शेवभाजी

शिंदखेड्यात शुक्रवारी लागलेल्या पिच्चरचा निकाल शुक्रवारी दुपारी चारपर्यंत जाहीर होतो. तोवर गावातल्या एकानेही तो पाहिलेला नसतो, पण निकालाला त्याची गरज पडत नाही. सुरतेला, उधन्याकडे, कुणाचा तरी भाचा लूमवर कामाला असतो. त्याने सकाळचा शो पाहिलेला असतो, किंवा ज्याने पाहिला त्याच्यासोबत चहा घेतलेला असतो. तो मामाला फोन करतो. मामा बसस्टँडसमोरच्या टपरीवर फोन स्पीकरवर टाकतात आणि तालुक्याला कळतं : "काय दम नही भो." सुरत-भुसावळ रेल्वेने खान्देशला रोजगार दिला, जावई दिले; आता समीक्षाही त्याच लाइनवरून येते, आणि पॅसेंजरपेक्षा वेळेवर येते.

हसू नका, यामागे हिशेब आहे. नवा पिच्चर मोठ्या पडद्यावर बघायचा तर बहुतेकांची वाट धुळ्याला जाते. पन्नासेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, चार माणसांची तिकिटं, आणि मध्यंतरात पोरांनी मागितलेला पॉपकॉर्न, जो मक्याच्या बाजारभावाशी ताडून बघायचा नसतो. पाहिला तर शेतकऱ्याला पुढचा अर्धा पिच्चर दिसत नाही. एवढा खर्च करण्याआधी माणूस चार ठिकाणी विचारणारच. त्यामुळे "कसा शे पिच्चर?" हा प्रश्न कलेविषयी नसून अंदाजपत्रकाविषयी असतो, आणि उत्तरही त्याच खात्यातून येतं. "पैसा वसूल." "टाइमपास शे." "फॅमिलीसंगे देखाले चालस." आणि या सगळ्यांच्या वर विराजमान झालेलं, सर्वपक्षीय, सर्वऋतूंत टिकणारं : "एक डाव देखाले हरकत नही."

हा शेवटचा अभिप्राय म्हणजे साक्षात ना हरकत दाखला. तलाठ्याकडे महिना लागतो, टपरीवर लगेच मिळतो. देणाऱ्याची जबाबदारी शून्य. तुम्ही जाऊन आलात आणि शिव्या घालत परतलात तर तो शांतपणे म्हणणार, "मी सांगंच व्हतं, एकच डाव." आणि तुम्हाला आवडला तर, "मी सांगंच व्हतं." दोन्ही बाजूंनी बरोबर ठरणारं असं वाक्य खान्देशात निवडणुकीच्या काळात सोडलं तर दुसरं ऐकायला मिळत नाही.

मोबाइल आल्यापासून मात्र तोंडी दाखल्यावर भागत नाही, तारे द्यावे लागतात. पाचपैकी किती? इथे साऱ्या महाराष्ट्राचं एकमत आहे : साडेतीन. चार दिले तर माणूस भोळा ठरतो, तीन दिले तर खडूस. साडेतीन हा आपला कुळाचार आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. त्यातलं अर्धं पीठ म्हणजे वणीची सप्तशृंगी, जिच्यासाठी खान्देशातली माणसं चैत्रात उन्हाचे चटके सोसत पायी जातात. तेव्हा त्या अर्ध्या ताऱ्याला आमच्याकडे कोणी कमी लेखत नाही. शहाण्यांचं बघाल तर सखारामबापू, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत हे पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. का, तर त्यांना तलवार चालवता येत नव्हती. पण राज्य कोणी चालवलं? नानांनीच. आमचे टपरीवरचे जीभाऊही याच परंपरेतले. पिच्चर एकही पाहत नाहीत, पण गल्ल्यावर नियंत्रण त्यांचंच.

जीभाऊंना मी एकदा विचारलं, न बघता मत कसं देता? ते म्हणाले, "सरपंच निवडतस तव्हय काय देखीसन निवडतस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चहाचे पैसे मी दिले.

जे खरोखर धुळ्याला जाऊन बघून येतात, त्यांचे तारे तरी पिच्चरचेच असतात का? तेही नाही. त्यात एसी मिसळलेला असतो. मे महिन्यात धुळ्यात एसी चालू असलेल्या थेटरात कोणताही पिच्चर तीनच्या खाली जात नाही. शिंदखेड्याच्या उन्हातून आलेला माणूस पडद्यावर नुसता पंखा दाखवला तरी टाळ्या वाजवेल. मग परतीच्या रस्त्यावर ढाबा असतो. शेवभाजीची तर्री जमली, सोबत कळण्याची भाकरी मिळाली, की नायिकेचा अभिनय सुधारतो. तर्री फिकी निघाली की दिग्दर्शकाची पकड सुटते. माझ्या ओळखीतल्या एका नानांनी एका पिच्चरला चार तारे दिले होते. गोष्ट विचारली तर म्हणाले, "मी त जपी गऊ. पन भाजी भारी व्हती." मुंबईतल्या समीक्षकांमध्ये एवढा प्रामाणिकपणा दाखवा. तेही झोपतात, पण ढाब्याचं नाव सांगत नाहीत.

आता थोडं गंभीर, फार नाही. हा तालुका कापसाचा. कापूस घेऊन गेलेल्या माणसाला वर्षभर दुसरेच लोक तारे देत असतात. व्यापारी गाडीत हात घालतो, मूठभर कापूस दाबतो, चेहरा वाकडा करतो आणि म्हणतो, ओला आहे. सरकारी खरेदीतही 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण हमीभाव. त्यावर कापणी, आणि 12 टक्क्यांच्या पुढे गाडी परत. नऊ महिन्यांची मेहनत, निकाल पाच सेकंदांत, अपील नाही. अशा माणसाला वर्षातून एकदा अंधारात बसायला मिळतं आणि बाहेर येऊन शंभर कोटींच्या मालात मूठ घालून म्हणता येतं, "माल ओला शे." त्या सुखावर टीका करायची माझी तरी हिंमत नाही. ग्रेड खाऊन खाऊन ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एक दिवस ग्रेड देऊ द्या.

निर्मात्यांना मात्र हे सुख बघवत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये 'कंगुवा' पडला, तेव्हा तमिळ निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. मागणी काय, तर पिच्चर लागल्यावर पहिले तीन दिवस कोणी ऑनलाइन परीक्षण टाकू नये. न्यायालयाने नकार दिला. टीका करणं हे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, म्हणाले. न्यायालयाचे आभार, पण मनाई मिळाली असती तरी आमच्याकडे फरक पडला नसता. पिच्चर लागल्यानंतरच्या तीन दिवसांवर बंदी घालून काय होणार? आमचा भाचा पोस्टरवरच निकाल देतो.

तेव्हा तारे सोडा. लोकांचं खरं मत बघायचं असेल तर पिच्चर पाहून त्यांनी केलं काय ते बघा. 1975 साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक थेटराबाहेर चपला काढून आत जात, पडद्यावर फुलं-नाणी उधळत. ते पाचपैकी किती होतात? 1991 च्या 'माहेरची साडी'ला बायांनी तारे दिले नाहीत, पदर भिजवले. तेव्हाच्या समीक्षकांनी काय लिहिलं ते आज कोणाच्या लक्षात नाही. अलका कुबल दिसल्या की डोळ्याला पदर लावणाऱ्या मावश्या अजून गावोगावी आहेत.

1975 च्याच 'शोले'ची तऱ्हा बघा. पहिल्या आठवड्यात धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला पडलेला ठरवून टाकलं होतं. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. पण त्याचं सर्वांत उत्तम परीक्षण आमच्या शेजारी मालेगावात झालं. शेख नासिर या व्हिडिओ पार्लरवाल्याने यंत्रमागावरची माणसं गोळा केली आणि 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. पिच्चर आवडला तर तारे कशाला द्यायचे, आपणच काढून टाकू! यापुढे कोणत्याही समीक्षकाने लेखणी ठेवावी. पुढे या मंडळींवर हिंदीत मोठा पिच्चर आला, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', 28 फेब्रुवारी 2025 ला. समीक्षकांनी त्याला भरभरून तारे दिले, प्रेक्षकांनी तिकिटं काढली नाहीत. पिच्चरवेड्या माणसांवरचा पिच्चर पाहायला पिच्चरवेडे गेले नाहीत. उलट त्याच मालेगावच्या छोटू दादाच्या ट्रॅक्टरवाल्या व्हिडिओला यूट्यूबवर शंभर कोटींहून जास्त वेळा बघितलं गेलं आहे. त्याला मुंबईच्या कुठल्या पेपरने अर्धा तारा दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पण खान्देशी प्रेक्षकाचा उच्चांक झाला 'छावा'ला. 14 फेब्रुवारी 2025 ला पिच्चर लागला. त्यात बुऱ्हाणपूर येतं, मोगलांचा खजिना येतो. बुऱ्हाणपूर म्हणजे जुन्या खान्देश सुभ्याची राजधानी, म्हणजे आपलंच घर. मार्चमध्ये जवळच्या असीरगडाच्या पायथ्याची माणसं रात्री टॉर्च आणि धातूशोधक यंत्रं घेऊन शेतं खणायला लागली, सोन्याची नाणी सापडतील म्हणून. प्रशासनाला धावावं लागलं. कोणी चार तारे देतं, कोणी पाच. पिच्चरवर विश्वास ठेवून कुदळ उचलणारा प्रेक्षक जगात दुसरीकडे कुठे मिळेल? दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना एखादा पुरस्कार कमी मिळाला तरी चालेल, ही कुदळ कायम राहील. इकडे महाराष्ट्रात त्याच दिवसांत पिच्चर करमुक्त करा, अशी मागणी झाली. मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं की करमणूक कर आपण 2017 मध्येच काढून टाकला आहे. मागणी करणाऱ्यांनी पिच्चर बघितला होता, एवढं नक्की.

आणखी एक मोजमाप आहे, ते कुठल्याही ॲपवर नाही, टपरीवर मात्र सगळ्यात आधी लागतं. पिच्चर कसा, याच्या आधी विचारतात, काढला कोणी? नाव सांगितलं की म्हणतात, पूर्ण नाव? आडनाव कळलं की तारे आपोआप जागेवर बसतात. कोणाचे वाढतात, कोणाचे गळतात. 2016 ला 'सैराट' आला तेव्हा 'झिंगाट'वर सगळी आडनावं एकत्र नाचली. मराठी पिच्चरने शंभर कोटी ओलांडायची ती पहिली वेळ, कौतुक व्हायलाच हवं होतं. पण बाहेर आल्यावर पुष्कळांचं एकच म्हणणं होतं : बाकी भारी, शेवट तेवढा बदलायला पाहिजे होता. दिग्दर्शकाला शेवट बदलायला सांगणं सोपं. ज्या घरांमध्ये तो शेवट घडतो, तिथे जाऊन बदला म्हणणारा मला त्या रांगेत कोणी दिसला नाही.

बायकांचं मत तर कुणी विचारतच नाही. ज्या घरात पिच्चरची चर्चा बैठकीत होते, तिथे त्या स्वयंपाकघरातून ऐकतात आणि 'फॅमिलीसंगे देखाले चालस' हा दाखला त्यांच्या नावाने त्यांना न विचारता निघतो. 2023 च्या जून अखेरीस 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा त्या गट करून, साड्या ठरवून, गाड्या बांधून निघाल्या. कोणालाही न विचारता. तेव्हा टपरीवर दोन आठवडे शांतता होती. जीभाऊ म्हणाले, "बायास्ना पिच्चर शे." घरी भाकरी स्वतः वाढून घ्यावी लागल्यावर मत थोडं बदललं : "एक डाव हरकत नही. दुसरा डाव नको."

मत देण्याची सगळ्यांत चांगली पद्धत मला 'मंथन'ची वाटते. 1976 चा पिच्चर, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले, तेच निर्माते. आमच्या शेजारच्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता त्यात होती. पिच्चर तयार झाल्यावर ते शेतकरी ट्रक भरभरून बघायला गेले, कारण ज्याचे दोन रुपये आत आहेत, तो फोनवर भाच्याला विचारत बसत नाही.

आपले दोन रुपये कुठल्याच पिच्चरमध्ये नाहीत, हे मान्य. म्हणून एवढीच विनंती. पुढच्या वेळी धुळ्याहून पिच्चर पाहून आलात आणि कोणी "कसा शे?" विचारलं, तर तारे सांगू नका. तिकीट कोणाच्या पैशाने काढलं ते सांगा. झोप कितव्या मिनिटाला लागली ते सांगा. मध्यंतरात बाहेर गेलेल्यांपैकी किती जण परत आले, तेही मोजून या. आणि ढाब्याचं नाव वेगळं सांगा, ते आम्हाला तसंही हवंच आहे.