जांभळ्या पाटीचा कैवारी

डिस्नेवाल्यांनी रस्त्यावरच्या पाट्या बदलण्याआधी मला एकदा विचारायला हवं होतं. मी टँपाला मुलीकडेच होतो. गाडीनं सवा तास. मानधन तर सोडाच, मी चहासुद्धा मागितला नसता.

माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. (जावई विचारतोच, पण मनात.) मी जे. जे.चा. उपयोजित कला. साबणाच्या वेष्टणापासून सहकारी बँकेच्या बोधचिन्हापर्यंत सगळं केलेलं आहे. अक्षराच्या पोटात किती मोकळी जागा सोडावी, यावर मी बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात, आणि मी त्यांच्या घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे किती बेढब आहेत ते सांगतो.

तर पाट्या. फ्लोरिडातलं हे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं. पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या घरातला. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतची जुनी मुंबई आत ठेवली तरी वर जागा उरेल, आणि उरलेल्या जागेत मुंबईकर लगेच पार्किंग करतील. एवढ्या रानात माणसाला चुकू न देण्याचं काम पाट्यांचं. १९९०च्या सुमारास त्या डेबोरा सस्मन या बाईंच्या कंपनीनं नव्यानं केल्या. सस्मनबाई म्हणजे १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला तो रंगीबेरंगी चेहरा देणाऱ्या. अमेरिकाभर रस्ता दाखवणाऱ्या पाट्या हिरव्यागार, आणि बाईंनी इथं लावल्या जांभळ्या आणि लाल! मागच्या सीटवरच्या वाचता न येणाऱ्या पोरालाही कळायचं की आलं, डिस्ने आलं. शब्द वाचायच्या आधी पाटी बोलून मोकळी.

आणि आता त्या जागी निळ्या आल्या.

अमेरिकेत निळी पाटी कशाची? पेट्रोल, जेवण, मुक्काम आणि इस्पितळ. (डिस्नेत दिवसभर चाललं की संध्याकाळी या चारहींची गरज पडते, ते सोडा.) बरं, जांभळ्याच्या विरुद्ध कायद्याचा मुद्दा काढावा तर तोही निघतो. तिथल्या सरकारी नियमपुस्तकाच्या २००९च्या आवृत्तीनं जांभळा रंग इलेक्ट्रॉनिक टोलच्या पाट्यांसाठी राखून ठेवला. एवढा राजस रंग, आणि दिला टोलला! हे मी गाडीत म्हणालो तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आपण पार्किंगचे पैसे भरतोय. तुम्ही रंगाचं काय घेऊन बसलात?’’

इथं मला लोट्याकडे वळावंच लागतं. घरातले म्हणतात की मी कुठूनही लोट्याकडेच वळतो.

या सस्मनबाई तरुणपणी चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोच्या कचेरीत कामाला होत्या. तेच ईम्स, ज्यांना भारत सरकारनं बोलावून विचारलं की या देशात डिझाइनचं शिक्षण कसं असावं. त्यांनी देश पाहिला आणि १९५८ साली अहवाल दिला. त्यातून पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. आणि त्या अहवालात त्यांनी आपल्या देशातल्या समस्त वस्तूंमधून कौतुक कशाचं करावं? ताजमहालाचं नव्हे. लोट्याचं! नुसतं ‘छान आहे’ म्हणून थांबले नाहीत. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा. भरलेला असताना तोल कुठं असतो, रिकामा असताना कुठं. कलता केला की धार कशी पडते. उचलणाऱ्याचा हात केवढा. दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो. किंमत किती. अहो, लग्नाची मुलगी पाहायला गेलेल्या माणसांनी एवढे प्रश्न विचारले नसतील! आणि शेवटी म्हणाले काय, तर हा लोटा कुणा एका माणसानं घडवलेलाच नाही. पिढ्यान् पिढ्या पुष्कळ माणसांनी तो थोडाथोडा घडवला. मी आमच्या घरातला पितळी लोटा अमेरिकेत नेणार होतो, जावयाला समोर ठेवून समजवायला. बायकोनं तो बॅगेतून काढून त्या जागी मेतकूट भरलं.

तर ईम्सनी लोट्याला विचारले तसे प्रश्न पाटीला विचारावेत, असं माझं म्हणणं. त्या नियमपुस्तकाचा हिशेब असा, की अक्षराच्या दर एक इंच उंचीमागं तीस फुटांवरून वाचता येतं असं धरायचं. दहा इंची अक्षर, म्हणजे तीनशे फूट. ताशी बहात्तर किलोमीटरनं गाडी सेकंदाला सहासष्ट फूट जाते. म्हणजे पाटी वाचायला, कळायला आणि ‘अगं उजवीकडे!’ म्हणून ओरडायला मिळून हाती साडेचार सेकंद. नावं तर इथं बदलतच असतात. एमजीएम स्टुडिओचं २००८ला हॉलिवुड स्टुडिओज झालं, डाउनटाउन डिस्नेचं २०१५ला डिस्ने स्प्रिंग्ज. साडेचार सेकंदांत जुनं नाव विसरून नवं वाचायचं.

हे सगळं मी गाडीत समजावून सांगितलं. ऐकत कोण होतं? जावई फोनमधल्या बाईचं ऐकत होता. ती ‘पुढच्या फाट्याला उजवीकडे’ म्हणते, हा उजवीकडे. मला खरा राग येतो तो याचा. सस्मनबाईंनी रंग निवडताना किती रात्री जागवल्या असतील, नव्या पोरांनीही निळ्याच्या किती छटा भिंतीवर लावून पाहिल्या असतील. आणि पाटीकडे मान वर करून बघतंय कोण? नात आयपॅडवर, मुलगी पार्कच्या अ‍ॅपवर.

आणि मीही नाही, हे सांगून टाकतो. मला काचबिंदू आहे. त्यात समोरचं बराच काळ दिसत राहतं, कडा जातात. आणि पाट्या लावतात त्या कडेलाच. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, त्या दिवशी रिक्षातून घरी येताना बायको त्यावर चकार शब्द बोलली नाही. पाट्या वाचायला लागली. रस्त्याचं नाव, दुकानांची नावं, ‘येथे वाहने लावू नयेत’. प्राथमिक शाळेत नोकरी झाली तिची. शुद्धलेखन घालावं तसं, प्रत्येक अक्षर सुटं करून. तेव्हापासून आम्ही दोघं जिथं जातो तिथं ती वाचते आणि मी मत देतो. याबद्दल आमच्यात बोलणं कधी झालेलं नाही.

जांभळ्या पाट्यांचा जांभळा मला शेवटी कळला तोही तिच्याकडून. ‘‘वांगी रंग,’’ म्हणाली होती, ‘‘आईच्या इरकलीसारखा.’’ म्हणून या खेपेला मी उतावीळपणानं विचारलं, ‘‘नवा निळा कसा आहे? चिंतामणी?’’

‘‘छे. चिंतामणी आणि शाळेचा गणवेश यांच्या मधला.’’

‘‘बघ! म्हणजे चुकलाच. मी असतो तर...’’

‘‘अहो, त्या लोट्यावर कुणाची सही नाही, असं तुम्हीच सांगता ना?’’

‘‘नाहीच.’’

‘‘मग पाटीवर तुमची कशाला हवी?’’

जावई आरशात बघून हसला. त्याला लोटा पहिल्यांदाच पटला असावा.

परतताना अंधार पडला. डिस्नेची हद्द संपून आम्ही आय-फोर महामार्गाला लागलो. या रस्त्यावर वकिलांच्या जाहिराती फार. अपघात झाला की आम्हाला फोन करा, म्हणून हसऱ्या चेहऱ्याचे वकील दोन्ही बाजूंना उभे. हिचं वाचन चालूच. ‘‘टँपा, पंचावन्न मैल. पुढं इस्पितळ, निळी पाटी. अपघात झालाय? वकील. फोन नंबर...’’ आणि तिनं नंबरही वाचला, सगळाच्या सगळा.

‘‘आजी, वकिलाचा कशाला?’’ नात कंटाळून म्हणाली.

‘‘त्यांना अक्षर कसं आहे ते सांगायचं असतं. अहो, शून्य फार अरुंद आहे हो यांचं.’’

फोनमधली बाई काहीतरी बोलायला लागली, तसा जावयानं तिचा आवाज बारीक केला. मी शून्याविषयी माझं मत मांडायला घेतलं.